एस्टर वंगणे

एस्टर वंगणे : अम्ल व अल्कोहॉल यांच्या विक्रियेत पाण्याचा रेणू बाहेर पडून जी संयुगे तयार होतात त्यांना एस्टरे म्हणतात. यंत्राच्या एकमेकांवर घासणाऱ्या भागांतील घर्षण व झीज कमी करण्यासाठी या संयुगांचा उपयोग केला जातो, तेव्हा त्यांना एस्टर वंगणे अशी संज्ञा आहे. वनस्पतिज तेले व प्राणिज चरबी ही नैसर्गिक एस्टर वंगणे होत. ठरावीक अम्ले व अल्कोहॉले निवडून कारखान्यात बनविलेली एस्टरे ही संश्लेषित एस्टर वंगणे होत. मोटारगाडीच्या एंजिनासाठी ‘संश्लेषित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलांपैकी काहींत दुसऱ्या प्रकारची एस्टरे असतात. ही तेले महाग असल्याने आपल्या वाहनासाठी ती घ्यावीत की नाही, असा प्रश्न अनेकांपुढे असतो. त्याचे उत्तर वंगणाच्या इतिहासात बऱ्याच अंशी मिळते. बैलगाडीच्या कण्याला घातले जाणारे एरंडेल आणि झोत विमानाच्या एंजिनातील तेल ही रसायनशास्त्रदृष्ट्या एकाच कुळातील आहेत. पहिल्यातील उणिवा दूर करण्याच्या प्रयत्नांतून दुसरे निर्माण झाले. प्रस्तुत नोंदीत हा इतिहास दिला असून मराठवाड्यातील परभणी या तेलबियांच्या व कडक उन्हाळ्याच्या जिल्ह्याच्या संदर्भात निवडीचा विचार केला आहे.

रासायनिक स्वरूप : वनस्पतिज तेलाच्या रेणूत ग्लिसरॉल या अल्कोहॉलाला मेदाम्लाच्या तीन साखळ्या जोडलेल्या असतात. जेथे अम्ल व अल्कोहॉल जोडले जातात त्या एस्टर गटातील ऑक्सिजन अणूंमुळे रेणूला ध्रुवीयता (रेणूच्या दोन भागांत धन व ऋण विद्युत् भारांची विषम वाटणी) येते. त्यामुळे एस्टराचे रेणू धातूच्या पृष्ठभागाकडे ओढले जाऊन त्यावर चिकटून राहतात. खनिज तेलातील हायड्रोकार्बनांत हा गुण जवळजवळ नसतो. तेलाचा जाड थर टिकत नाही अशा जागी, म्हणजे यंत्र सुरू होताना, मंद गतीत वा जास्त भाराखाली, ही पातळ चिकट पटले उपयोगी पडतात.

ज्या एस्टर गटामुळे हा गुण येतो, तोच गट रेणूतील नाजूक जागाही असतो. पाण्याच्या सान्निध्यात तेथे रेणू तुटून पुन्हा अम्ल व अल्कोहॉल तयार होऊ शकतात. या क्रियेस जलीय विच्छेदन म्हणतात. नैसर्गिक तेलांत आणखी दोन उणिवा असतात. एक म्हणजे मेदाम्लांच्या साखळ्यांतील द्विबंधांवर हवेतील ऑक्सिजनाची क्रिया होऊन तेल दाट व चिकट होते. दुसरी म्हणजे ग्लिसरॉलाच्या मधल्या कार्बन अणूवर असलेल्या हायड्रोजन अणूमुळे उच्च तापमानास रेणूचे अपघटन सुलभ होते. एस्टर वंगणांचा आधुनिक इतिहास हा मुख्यत्वे या तीन उणिवांवर केलेल्या उपायांचा इतिहास आहे.

दख्खनमधील पूर्वपीठिका : परभणी जिल्हा गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला असून तेथील जमीन प्रामुख्याने काळी व कसदार आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९९९ मध्ये त्यातून हिंगोली जिल्हा वेगळा करण्यात आला. ज्वारी व कापूस यांच्याबरोबर करडई, जवस, तीळ व भुईमूग ही तेलबियांची पिके येथे पूर्वापार घेतली जात. एरंड बहुधा बांधावर वा इतर पिकांत मिसळून लावला जाई. संस्थानाच्या पूर्वेकडील तेलुगू भागात मात्र त्याची मोठी लागवड होती आणि हैदराबाद संस्थान हे भारतातील एरंडाच्या प्रमुख क्षेत्रांपैकी एक गणले जाई.

खाद्य तेले घाण्यावर काढली जात. एरंडीचे तेल काढण्याची घरगुती रीत वेगळी होती. बिया भाजून कुटत व पाण्यात उकळत, आणि वर तरंगणारे तेल काढून घेत. हे तेल औषधासाठी व दिव्यासाठी वापरत, तसेच ते गाडीच्या वंगणासाठीही वापरत. लाकडी तुंब्यात फिरणाऱ्या कण्याला वेळोवेळी तेल दिले नाही, तर चाक करकरते, कणा तापतो व तुंबा झिजतो हे गाडीवानास अनुभवाने ठाऊक असे. म्हणून लांबच्या प्रवासात वंगणाचे भांडे वा नळा गाडीबरोबर असेच. विहिरीवरील मोटेचे चाक, नाडा, सोंदूर व चामडे यांनाही तेलाचा हात द्यावा लागे. करडईचे तेल जाळून केलेला काळा चिकट पदार्थ दोर व चामडे पाण्यापासून सुरक्षित ठेवण्यासाठी वापरल्याची नोंद एकोणिसाव्या शतकातील आर्थिक वनस्पतिविषयक ग्रंथांत आहे.

या उपयोगांत तेलांची निवड सोयीनुसार झालेली दिसत असली, तरी तिला रासायनिक आधार होता. एरंडेलातील सु. ८५ ते ९० टक्के मेदाम्ल हे रिसिनोलेइक अम्ल असते. या अम्लाच्या साखळीत एक जादा हायड्रॉक्सिल गट असल्यामुळे एरंडेल इतर वनस्पतिज तेलांपेक्षा पुष्कळच दाट असते व ते धातूला अधिक घट्ट चिकटते. उलट नेहमीच्या करडईच्या तेलात सु. ७५ टक्के लिनोलेइक अम्ल असते. या अम्लात दोन द्विबंध असल्याने ते हवेत लवकर सुकून त्याचा पापुद्रा बनतो. म्हणून करडईचे तेल चामड्यावर व रंगलेपात चालते, पण फिरत्या कण्यात त्याचा चिकटा होतो.

मनमाडहून औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, पूर्णा व नांदेड या मार्गाने हैदराबादकडे जाणारा हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरमापी लोहमार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यामुळे परभणी, सेलू व मानवत येथील कापूस व तेलबियांचा व्यापार वाढला. सरकी काढण्याचे व रुई दाबण्याचे कारखाने उभे राहिले. त्यांतील वाफेची व पुढे तेलावरील एंजिने ही जिल्ह्यातील वंगणाची नवी गिऱ्हाइके होती. भारतीय रेल्वे आपल्या प्रारंभीच्या काळात दिव्यांसाठी व यंत्रांच्या वंगणासाठी एरंडेल मोठ्या प्रमाणावर वापरीत असत.

खनिज तेलाचा उदय : अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १८५९ मध्ये एडविन ड्रेक यांनी खोदलेल्या विहिरीतून खनिज तेल मिळू लागल्यानंतर काही दशकांतच वनस्पतिज व प्राणिज वंगणे मागे पडली. खनिज तेल स्वस्त होते, ते खवट होत नसे आणि ऊर्ध्वपातनाने हव्या त्या श्यानतेचे (दाटपणाचे) भाग वेगळे करता येत. भारतात आसाममधील दिग्बोई येथे १९०१ मध्ये तेलशुद्धीकरण सुरू झाले. तुर्भे (मुंबई) येथील परिष्करण्या १९५४ व १९५५ मध्ये चालू झाल्या. मुंबईत वंगण तेलासाठी ल्यूब इंडिया ही स्वतंत्र परिष्करणी १९६९ मध्ये उभारण्यात आली. पुढे ती हिंदुस्तान पेट्रोलियम कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली.

मराठवाड्याच्या खेड्यांत हा बदल मुख्यत्वे विहिरीवर दिसून आला. मोटेच्या जागी पुणे येथील किर्लोस्कर ऑइल एंजिन्स (स्थापना १९४६) यांसारख्या कारखान्यांची डीझेल एंजिने व नंतर विजेचे पंप आले. शेतकऱ्याच्या घरी एरंडेलाच्या गाडग्याशेजारी एंजिन तेलाचा डबा आला आणि हळूहळू गाडगे नाहीसे झाले.

नैसर्गिक एस्टरे पूर्णपणे बाद झाली मात्र नाहीत. वाफेच्या सिलिंडरातील पाणी केवळ खनिज तेलाचा थर धुऊन नेते, असे आढळल्यावर त्यात थोडी चरबी वा वनस्पतिज तेल मिसळण्याची पद्धत पडली. स्वस्त व टिकाऊ हायड्रोकार्बन हा मुख्य भाग आणि धातूला चिकटणारे एस्टर हा अल्प भाग, ही या मिश्रणामागील कल्पना होय. आजच्या अनेक संश्लेषित एंजिन तेलांची घडण याच कल्पनेवर आधारलेली आहे.

एरंडेल व विमान एंजिने : विसाव्या शतकाच्या आरंभी वेगवान मोटारगाड्या व विमाने यांच्यामुळे एरंडेलाला पुन्हा महत्त्व आले. ब्रिटनमध्ये चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने १९०९ मध्ये एरंडेलयुक्त एंजिन तेल ‘कॅस्ट्रॉल’ या नावाने बाजारात आणले. हे नाव एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच घेतले आहे. या कंपनीची तेले १९१० मध्ये भारतीय बाजारात आली.

पहिल्या महायुद्धातील (१९१४–१८) अनेक विमानांना नोम व ल रोन या फ्रेंच बनावटीची चक्री एंजिने असत. त्यांत सिलिंडरांचा संपूर्ण संच प्रचालकाबरोबर फिरत असे आणि पेट्रोल व हवा यांचे मिश्रण भुजादंडाच्या पेटीतून (क्रँक-केसमधून) सिलिंडरात जात असे. खनिज तेल पेट्रोलात विरघळून पातळ होई व धुऊन जाई. एरंडेल पेट्रोलात फारसे विरघळत नाही. म्हणून या एंजिनांना तेच योग्य होते. वापरलेले तेल परत न येता बाहेर फेकले जाई, त्यामुळे त्याचा खपही प्रचंड होता. युद्धाच्या अखेरीस अमेरिकेने भारतातून एरंडाचे बी नेऊन फ्लॉरिडा व इतर दक्षिणेकडील राज्यांत त्याची लागवड करविली. दख्खनमधील गाडीवानाचे वंगण अशा रीतीने युद्धोपयोगी माल ठरले.

चक्री एंजिने लवकरच मागे पडली. बंद फेऱ्यात तेच तेल पुन्हा पुन्हा फिरविणाऱ्या एंजिनांत एरंडेलाचे दोष उघड झाले. उष्णतेने व ऑक्सिडीभवनाने त्यापासून लाखेसारखा चिकट थर बनतो, दट्ट्याच्या कड्या अडकतात आणि थंडीत तेल गोठते. शर्यतीच्या मोटारींत व मोटारसायकलींत ते पुढेही वापरात राहिले. शर्यत संपल्यावर एंजिन उघडून साफ केले जाई, त्यामुळे हा दोष तेथे चालून जाई. रोजच्या वापरातील गाडीत तसे करता येत नसे.

संश्लेषित एस्टरांचा शोध : जर्मनीजवळ खनिज तेलाचे साठे अपुरे असल्याने तेथे १९३०–४० या दशकाच्या उत्तरार्धात पर्यायी वंगणांचे संशोधन सुरू झाले. आय्. जी. फार्बेन या कंपनीत हेर्मान त्सोर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत ३,५०० हून अधिक एस्टरे तपासली. नैसर्गिक तेलाचा चिकटपणा व स्निग्धता राखून त्याचे चिकटा धरणे टाळता येईल काय, हा या शोधामागील प्रश्न होता. त्याच सुमारास अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत विल्यम झिसमन यांच्या गटाने द्वि-एस्टरांचा (दोन अम्लगट असलेल्या अम्लापासून बनविलेल्या एस्टरांचा) अभ्यास केला.

झोत एंजिनांमुळे या संशोधनाला व्यावहारिक महत्त्व आले. टर्बाइनाच्या धारव्यांचे (फिरत्या दंडाला आधार देणाऱ्या भागांचे) तापमान खनिज तेलाला झेपत नसे आणि अति-उंचीवरील थंडीत एंजिन सुरू होण्यासाठी तेच तेल पातळही राहावे लागे. द्वि-एस्टरांनी या दोन्ही गरजा भागविल्या. अशा तेलांसाठी अमेरिकी लष्कराचे मानक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये रोल्स-रॉइस कंपनीच्या डार्ट या टर्बाइन-प्रचालक एंजिनातील दंतचक्रांसाठी अधिक दाट एस्टर तेले बनविण्यात आली. याच एंजिनांची व्हायकाउंट विमाने १९५७ मध्ये इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात दाखल झाली. १९६० मध्ये एअर इंडियाने बोइंग ७०७ ही झोत विमाने घेतली.

या द्वि-एस्टरांतील एक महत्त्वाचा घटक सेबॅसिक अम्ल हा होता. एरंडेल दाहक सोड्याबरोबर उच्च तापमानास तापविले असता रिसिनोलेइक अम्लाची साखळी तुटून सेबॅसिक अम्ल व एक अल्कोहॉल मिळते. सेबॅसिक अम्लाच्या साखळीत द्विबंध नसल्याने तिचे ऑक्सिडीभवन सहजी होत नाही. म्हणजे ज्या बियांचे तेल चक्री एंजिनात चिकटा धरीत होते, त्याच बियांपासून झोत एंजिनाचे वंगण तयार झाले. मधल्या काळात बदल झाला तो रेणूच्या रचनेत.

पुढची पायरी १९६०–७० या दशकात बहुहायड्रॉक्सी अल्कोहॉलांच्या एस्टरांनी गाठली. ग्लिसरॉलाऐवजी ट्रायमिथिलॉलप्रोपेन वा पेंटाएरिथ्रिटॉल ही अल्कोहॉले घेतल्यास त्यांतील मध्यवर्ती कार्बन अणूला चारही बाजूंनी कार्बन अणूच जोडलेले असतात. अपघटनास कारण होणारा हायड्रोजन अणू तेथे नसतोच. त्यांना लहान, संतृप्त मेदाम्ले जोडली की उष्णता व ऑक्सिजन या दोहोंना तोंड देणारे तेल मिळते. आजच्या झोत विमानांची तेले प्रामुख्याने या वर्गातील आहेत. पाण्याने होणारे विच्छेदन मात्र रचनेतील बदलांनी कमी करता आले, ते पूर्णपणे थांबविता आले नाही.

मोटारगाडीत प्रवेश : विमानासाठी सिद्ध झालेले तेल मोटारीत वापरण्याची कल्पना १९७० नंतर प्रत्यक्षात आली. फ्रान्समधील मोत्यूल कंपनीने १९७१ मध्ये एस्टरयुक्त संश्लेषित तेल विकण्यास सुरुवात केली. अमेरिकेत झोत विमानांचे वैमानिक असलेले अल्बर्ट अमात्सुझिओ यांनी १९७२ मध्ये ॲम्सॉइल हे द्वि-एस्टर तेल आणले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) मोटार तेलाच्या कसोट्यांना उतरलेले ते पहिले संश्लेषित तेल म्हणून ओळखले जाते. १९७३ च्या खनिज तेलाच्या टंचाईनंतर इंधन वाचविणाऱ्या पातळ तेलांकडे लक्ष वेधले गेले. त्यानंतर मोबिल कंपनीने विकलेल्या ‘मोबिल वन’ या तेलात पॉलिअल्फाओलेफिन हे संश्लेषित हायड्रोकार्बन मुख्य होते व एस्टर हा पूरक घटक होता.

हीच मिश्र पद्धत पुढे रूढ झाली. पॉलिअल्फाओलेफिने टिकाऊ असतात, परंतु त्यांच्या संपर्कात रबरी गळतीरोधक कड्या आकसतात आणि झीजरोधक व स्वच्छताकारक समावेशके (पूरक रसायने) त्यांत नीट विरघळत नाहीत. एस्टरांचे वर्तन याच्या नेमके उलट असते. त्यांनी कड्या किंचित फुगतात व समावेशके सहज विरघळतात. म्हणून थोडे एस्टर मिसळले की दोन्ही दोष परस्परांना छेद देतात. बाजारातील बहुतेक ‘एस्टरयुक्त’ तेलांत एस्टर हा असा अल्पांश असतो. मुख्यतः एस्टराचीच बनलेली मोटार तेले थोडी असून ती प्रामुख्याने शर्यतीसाठी असतात.

‘संश्लेषित’ या शब्दाचा वाद : मूळ तेलांचे एपीआयने पाच गट केले आहेत. पहिले तीन गट शुद्धीकरणाच्या चढत्या पायऱ्यांवरील खनिज तेलांचे, चौथा पॉलिअल्फाओलेफिनांचा व पाचवा उरलेल्या सर्वांचा असून एस्टरे या शेवटच्या गटात येतात. तिसऱ्या गटातील तेले खनिज तेलावर उच्च दाबाखाली हायड्रोजनाची प्रक्रिया करून मिळवितात व त्यांचे गुण पुष्कळ अंशी चौथ्या गटासारखे असतात. अशा तेलास ‘संश्लेषित’ म्हणावे काय, यावरून अमेरिकेत मोबिल व कॅस्ट्रॉल या कंपन्यांत वाद झाला. जाहिरातींसंबंधीच्या तक्रारी पाहणाऱ्या तेथील स्वयंनियामक मंडळाने १९९९ मध्ये तसे म्हणण्यास हरकत नसल्याचा निर्णय दिला. तेव्हापासून डब्यावरील ‘पूर्ण संश्लेषित’ हे शब्द मूळ तेलाचा उगम सांगत नाहीत. एस्टराचे नेमके प्रमाणही डब्यावर सहसा दिलेले नसते. ग्राहकाच्या दृष्टीने या इतिहासाचा अर्थ असा, की नावावरून तेल निवडता येत नाही. ते कोणत्या कसोट्यांना उतरले आहे, हेच पाहावे लागते.

गुणदोष : एस्टर वंगणांची बाष्पनशीलता कमी असते, त्यामुळे तापलेल्या एंजिनात तेल कमी उडून जाते. तापमानाप्रमाणे त्यांची श्यानता तुलनेने कमी बदलते. ती काजळी व जुना चिकटा विरघळवितात. त्यांतील अनेक प्रकार मातीत व पाण्यात जैव रीतीने विघटित होतात. त्यांची किंमत मात्र जास्त असते. पाण्याचा अंश साचत राहिल्यास त्यांच्यापासून अम्ले तयार होऊ शकतात. त्यांची ध्रुवीयता काही वेळा अडचणीची ठरते. झीजरोधक समावेशकांनी धातूच्या ज्या पृष्ठभागावर बसावयाचे, तीच जागा एस्टराचे रेणू अडवितात. म्हणून तयार तेलात वरून वेगळे ‘एस्टर द्रव्य’ ओतल्याने फायदा होण्याऐवजी निर्मात्याने साधलेला समतोल बिघडण्याचा संभव असतो.

परभणीच्या परिस्थितीत निवड : परभणी येथे मे महिन्यात कमाल तापमान ४२° से.च्या वर जाते. हिवाळ्यात किमान तापमान काही दिवस १०° से.च्या व क्वचित ५° से.च्याही खाली उतरते. उन्हाळ्याच्या भीतीने अधिक दाट तेल घालण्याकडे अनेकांचा कल असतो. तथापि आधुनिक एंजिनाचे तापमान शीतनयंत्रणेने नियंत्रित केलेले असते. तळपात्रातील तेल सामान्यतः ९०° ते १२०° से. असते, तर दट्ट्याच्या वरच्या कडीजवळ तापमान २००° से.च्या वर जाते. त्यामुळे बाहेरील तापमानातील फरकाचा परिणाम मर्यादित राहतो.

एसएई श्यानता क्रमांकातील ‘डब्ल्यू’ या अक्षराच्या आधीचा आकडा थंडीतील प्रवाहिता दर्शवितो, तर नंतरचा आकडा १००° से. तापमानाची श्यानता दर्शवितो. ‘५ डब्ल्यू’ची भुजादंड फिरविण्याची कसोटी उणे ३०° से.ला व ‘१५ डब्ल्यू’ची उणे २०° से.ला घेतली जाते. परभणीत पारा शून्यापर्यंतही उतरत नाही. म्हणून केवळ अतिथंडीतील गुणासाठी येथे एस्टर तेलाला जादा पैसे देण्यास आधार नाही. मात्र नव्या एंजिनांतील तेलमार्ग व अंतरे पातळ तेल गृहीत धरून ठरविलेली असतात. त्यांत वाहन-निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेलाच क्रमांक घ्यावा. जुन्या रचनेच्या गाड्यांना २० डब्ल्यू-४० सारखी दाट तेले सांगितलेली असतात. त्यांत महागडे पातळ तेल घातल्यास गळती व तेलाचा दाब कमी होणे हे परिणाम संभवतात.

श्यानतेनंतर कार्यक्षमतेचा वर्ग पाहावा. पेट्रोल एंजिनांसाठी एपीआयचा ‘एसपी’ हा वर्ग २०२० पासून लागू झाला. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही उत्सर्जन मानके आली. त्यांनुसार बनविलेल्या डीझेल गाड्यांत धूर गाळणारे गाळक असतात. तेलातील समावेशकांची राख त्यांत साचते. म्हणून त्यांना कमी राखेचे तेल लागते. मूळ तेल एस्टर असले तरी राख जास्त असेल, तर ते तेल अशा गाडीस अपायकारक ठरते. मोटारसायकलींत बहुधा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, म्हणून तेथे ‘जासो एमए’ वर्गाचे तेल घ्यावे लागते. मोटारगाडीसाठीचे तेल तेथे चालत नाही.

एस्टरयुक्त तेलाचा खरा लाभ अति-उष्णतेच्या जागी मिळतो. टर्बोभारकयुक्त एंजिन मोठ्या भाराखाली चालवून एकदम बंद केले, तर टर्बाइनाच्या धारव्यात अडकलेले तेल भाजून निघते. उन्हाळ्यात वातानुकूलन चालू ठेवून लांब पल्ल्याने व पूर्ण भाराने चालणाऱ्या अशा गाडीस हे तेल उपयुक्त ठरते. याउलट गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीचे एंजिन पुरते तापतच नाही आणि ज्वलनातून निर्माण झालेले पाणी तेलात राहते. पेट्रोलातील इथेनॉलाचे प्रमाण २०२५ पर्यंत सु. २० टक्क्यांवर गेले असून इथेनॉल पाणी शोषून घेते. अशा वापरात महाग तेल दीर्घकाळ ठेवण्यापेक्षा योग्य वर्गाचे साधे तेल वेळेवर बदलणे हिताचे असते.

काळ्या मातीच्या रस्त्यांवरील धूळ ही या जिल्ह्यातील एंजिनांच्या झिजेचे एक मोठे कारण आहे. हवेच्या गाळणीतून आत शिरलेले खनिज कण तेलाच्या थरापेक्षा मोठे असल्यास कोणतेही तेल झीज थांबवू शकत नाही. म्हणून महाग तेलावर खर्च करण्यापूर्वी हवेची गाळणी स्वच्छ व घट्ट बसलेली असणे आवश्यक आहे. बराच काळ खनिज तेलावर चाललेल्या जुन्या एंजिनात एस्टरबहुल तेल घातल्यास सुटलेला चिकटा तेलगाळणीत अडकतो. अशा वेळी पहिला बदल व गाळणी लवकर करावी. सुट्या पिंपातील, उगम न कळणारे तेल कोणत्याही नावाने घेऊ नये.

स्थानिक तेलबियांचे भवितव्य : भारत हा जगातील एरंडाचा सर्वांत मोठा उत्पादक देश असून त्यात गुजरातचा वाटा प्रमुख आहे. परभणी जिल्ह्यात एरंड आता गौण आहे आणि करडईचे क्षेत्रही सोयाबीनच्या प्रसारानंतर घटले आहे. परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) करडईवर दीर्घकाळ संशोधन केले असून ‘परभणी कुसुम’ हा तेथील परिचित वाण आहे. नेहमीच्या करडईतील लिनोलेइक अम्ल वंगणास प्रतिकूल असले, तरी ओलेइक अम्लाचे प्रमाण जास्त असलेले करडईचे प्रकारही अस्तित्वात आहेत. ओलेइक अम्लात एकच द्विबंध असल्याने त्याचे ऑक्सिडीभवन लिनोलेइक अम्लाच्या सु. दहावा भाग किंवा त्याहून कमी वेगाने होते. शिवाय त्यापासून द्वि-एस्टरांसाठी लागणारे ॲझेलाइक अम्लही बनविता येते.

अशी तेले थेट मोटारीच्या एंजिनात घालण्याजोगी नाहीत. एरंडेलाच्या इतिहासाने ते दाखवून दिले आहे. त्यांना अधिक जवळचे क्षेत्र म्हणजे वंगण जमिनीत वा पाण्यात सांडणारी यंत्रे, उदा., करवतीच्या साखळ्या, शेतीतील उघडी दंतचक्रे व द्रवचालित अवजारे. बैलगाडीच्या कण्याप्रमाणेच येथेही तापमान कमी असते आणि सांडलेले तेल मातीत मिसळते. वनस्पतिज एस्टरांचे गुण अशा ठिकाणी पूर्णपणे उपयोगी पडतात व त्यांच्या उणिवा फारशा आड येत नाहीत. एंजिनासाठी मात्र रेणूची पुनर्रचना करणारा रासायनिक उद्योग लागतो. तो बियांच्या क्षेत्राजवळ उभा राहिला, तरच संश्लेषित तेलाच्या किमतीतील काही वाटा तेलबिया पिकविणाऱ्याच्या पदरात पडू शकेल.